सहा अंशांचा पंख : सर जॉर्ज केली यांचे चरित्र

मनुष्याला पक्ष्याप्रमाणे आकाशात विहार करता यावा ही इच्छा फार प्राचीन आहे. पुष्पक विमानाची कथा आजीच्या तोंडून ऐकली नाही असे मूल आपल्या गोव्यात क्वचितच सापडेल. आता तर पेडणे तालुक्यात मोपा येथे २०२३ सालापासून विमानांची नित्य ये-जा सुरू झाली असून, डिचोलीच्या माथ्यावरून जाणारे विमान पाहण्यासाठी कोणी घरातून बाहेर धावत येत नाही. तरीही नार्व्याच्या धक्क्यावर दिवाडीची फेरीबोट येईपर्यंत उभे राहावे आणि मान वर करून पाहावे, तो मांडवीच्या पात्रावर एखादी घार संथपणे घिरट्या घालीत असते. ती पंख हालवीत नाही. तरी ती खाली पडत नाही. विमानाचे पंख तर हालूच शकत नाहीत. तरी शेकडो माणसांचा भार घेऊन ते अधांतरी राहते. असे का व्हावे, हा प्रश्न ज्याने प्रथम नीट विचारला आणि काठी, कागद व थोडे वजन एवढ्या साध्या साधनांनी त्याचे उत्तर शोधले, त्या सर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमच्या शाळांतून विमानांच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या मुलांना तर ते विशेष उपयोगी पडेल. कारण प्रतिकृतीचा पंख किती कलता बसवावा ही त्यांची रोजची अडचण, आणि याच अडचणीच्या उकलीत या थोर पुरुषाच्या आयुष्यातील उत्तम वर्षे खर्ची पडली.

जॉर्ज केली यांचा जन्म २७ डिसेंबर १७७३ रोजी इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात, समुद्रकाठच्या स्कारबरो या गावी झाला. घराणे जमीनदारांचे होते. ते दहा वर्षांचे होण्याच्या सुमारास, म्हणजे १७८३ च्या अखेरीस, फ्रान्समध्ये माँगॉल्फिए बंधूंच्या फुग्यात बसून माणसे प्रथमच आकाशात गेली आणि ती वार्ता साऱ्या युरोपात पसरली. परंतु फुगा वाऱ्याचा दास असतो. वारा नेईल तिकडे त्याने जावे. इच्छेप्रमाणे जाणारे यान कसे करता येईल, हा विचार केलींच्या मनात तरुणपणीच रुजला.

त्यांच्या शिक्षणाचा योगही चांगला जुळून आला. नॉटिंगहॅम येथील जॉर्ज वॉकर हे धर्मोपदेशक गणितात पारंगत होते. त्यांच्याजवळ केलींनी गणित आणि यंत्रशास्त्र यांचे धडे घेतले. पुढे १७९५ मध्ये गुरूंची कन्या सेरा हिच्याशीच त्यांचा विवाह झाला. तत्पूर्वी १७९२ साली पिता निवर्तल्यामुळे वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी वंशपरंपरागत बॅरोनेट हा किताब आणि ब्रॉम्प्टन येथील मोठी इस्टेट यांचा भार त्यांच्यावर येऊन पडला होता. अशा वयात संपत्ती हाती आली म्हणजे पुष्कळांचा काळ शिकारीत आणि मेजवान्यांत जातो. सर जॉर्ज यांनी मात्र आपल्या वाड्याजवळ एक कार्यशाळा थाटली आणि अखेरपर्यंत तीत हात काळे केले.

१७९६ साली त्यांनी पक्ष्यांच्या पिसांची दोन चक्रे एका दांडीच्या दोन टोकांना बसवून, धनुष्याच्या ताणाने फिरणारे एक खेळणे तयार केले. फ्रान्समधील अशाच एका खेळण्यावरून त्यांना ते सुचले होते. हे खेळणे सुटताच छतापर्यंत उडे. त्या खेळण्याने त्यांना एक गोष्ट दाखवून दिली की, कलते पाते हवेतून वेगाने नेले तर हवा त्याला वर ढकलते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १७९९ मध्ये, त्यांनी चांदीच्या एका लहानशा चकतीवर दोन आकृत्या कोरल्या. ती चकती आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. तिच्या एका बाजूला स्थिर पंख, शेपूट आणि वल्ह्यांसारखी साधने असलेले यान आहे. दुसऱ्या बाजूला वाऱ्यात तिरपा धरलेला पंख आणि त्यावर पडणाऱ्या जोराचे दोन भाग रेषांनी दाखविले आहेत. एक भाग पंखाला वर उचलणारा आणि दुसरा मागे ओढणारा. चकती लहान असली, तरी तिच्यावरील विचार फार मोठा होता. त्यापूर्वी उडू पाहणाऱ्या बहुतेकांनी पक्ष्याची फडफड नकलण्याचा प्रयत्न केला होता. एकाच फडफडीने वरही चढायचे आणि पुढेही जायचे, या घोळात ते सारे फसले. सर जॉर्ज यांनी ही दोन कामे वेगळी केली. वर उचलण्याचे काम स्थिर पंखाने करावे, पुढे नेण्याचे काम दुसऱ्या साधनाने करावे, आणि तोल व दिशा शेपटीने सांभाळावी, अशी ही वाटणी होती. आजचे प्रत्येक विमान याच वाटणीवर उभे आहे.

आता पंखाच्या कोनाचा विचार करू. पुठ्ठ्याचा एक तुकडा टेबलावरच्या पंख्यासमोर अगदी आडवा धरून पाहावा. वारा त्याच्या वरून आणि खालून सारखाच निघून जातो, आणि हाताला फारसे काही जाणवत नाही. त्याची पुढची कड किंचित वर उचलताच पुठ्ठा हाताला वर खेचू लागतो. कोन थोडा वाढविला तर ही उचल वाढते. परंतु त्याबरोबर मागे ओढणारा जोरही वाढत जातो. कोन बराच वाढविला, म्हणजे सुमारे पंधरा अंशांच्या आसपास गेला, की पंखाच्या पाठीवरून गुळगुळीत वाहणारी हवा तेथून सुटते, भोवरे उठतात, उचल एकाएकी कमी होते आणि ओढ मात्र वाढतच राहते. म्हणून पंख किती कलता असावा यालाही मर्यादा आहे. फार कमी कोन असेल तर भार पेलत नाही. फार अधिक असेल तर पंख कोसळतो.

येथे दोन कोनांत गल्लत होऊ नये. पंख यानाच्या सांगाड्यावर बसविताना त्याला जो कल दिला जातो तो मांडणीचा कोन. तो कारागिराच्या हाती असतो आणि एकदा पंख बसविला की कायम राहतो. उडताना समोरून येणाऱ्या वाऱ्याशी पंखाचा जो कोन होतो तो मात्र क्षणोक्षणी बदलतो. कारण यानाचे नाक कधी वर होते, कधी खाली जाते. कारागिराचे कौशल्य असे की, त्याने मांडणीचा कोन असा निवडावा, ज्यायोगे उडताना वाऱ्याशी होणारा कोन आपोआप योग्य मर्यादेत राहील.

पण योग्य मर्यादा कोणती, हे अंदाजाने ठरविणे सर जॉर्ज यांना मान्य नव्हते. १८०४ साली त्यांनी एक फिरती भुजा तयार केली. उभ्या खांबाभोवती फिरणारी एक लांब दांडी, तिच्या टोकाला एक चौरस फूट क्षेत्रफळाचा सपाट पंख, आणि दोरीला बांधलेले वजन जिन्याच्या पोकळीत खाली सोडून तिला दिलेली गती, अशी ती योजना होती. तोफगोळ्यांना हवा किती अडविते हे पाहण्यासाठी आणि पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी असे साधन पूर्वी वापरले गेले होते. पंखाची उचल मोजण्यासाठी त्याचा उपयोग सर जॉर्ज यांनी केला. प्रत्येक खेपेस कोन थोड्या अंशांनी बदलावा, वेग मोजावा, उचल तोलावी आणि वहीत आकडा लिहावा, असा त्यांचा क्रम होता. पक्ष्यांचे वजन आणि त्यांच्या पंखांचे क्षेत्रफळ हेही ते मोजून ठेवीत. कावळ्याच्या जातीतील रूक नावाच्या पक्ष्याचे वजन त्याच्या पंखांच्या दर चौरस फुटास सुमारे एक पौंड पडते, असे त्यांना आढळले.

त्याच वर्षी त्यांनी ती वस्तू केली, जिच्यामुळे प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येक मुलाने त्यांचे नाव स्मरणात ठेवावे. बाजारात मिळतो तसा कागदी पतंग त्यांनी घेतला. त्याचे क्षेत्रफळ १५४ चौरस इंच, म्हणजे आपल्या सुमारे दीड फुलस्केप कागदाएवढे होते. एका लाकडी काठीवर पतंगाची मागची बाजू त्यांनी पक्की केली आणि पुढच्या बाजूखाली एक खुंटी दिली; अशा रीतीने पतंग काठीशी ६ अंशांचा कोन करून राहिला. काठीच्या मागच्या टोकाला एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन लहान पात्यांची शेपूट होती, आणि ती हव्या त्या कोनात वळविता येत असे. एक टोकदार वजन काठीत पुढे-मागे टोचून गुरुत्वमध्य हवा तेथे आणता येई. खुंटी, वळणारी शेपूट आणि सरकते वजन ही तीनच साधने होती; परंतु स्थिर पंख आणि वळणारी शेपूट असलेले आजच्या विमानाच्या घाटाचे पहिले उडते यान ते हेच.

या यानाला सेकंदाला १५ फूट, म्हणजे धावणाऱ्या मुलाच्या वेगाइतका, वेग दिला तर ते २० ते ३० यार्ड तरंगत जाई. क्षितिजाशी १८ अंशांच्या उताराने ते सोडले, तर तोच वेग राखून ते सरळ रेषेत एकसारखे उतरत राही. टेकडीच्या उतारावरून ते खाली जाताना पाहणे सर जॉर्ज यांना फार आवडे. अशाच पण मोठ्या यानात बसून आल्प्स पर्वताच्या कड्यांवरून उतरणे खेचराच्या पाठीवरून उतरण्यापेक्षाही अधिक सुरक्षित ठरेल, असे त्यांनी वहीत लिहून ठेवले.

शेपटीचा कोन वेगळा ठेवल्याने काय होते, हे आम्ही एका साध्या हिशेबाने सांगतो. समजा, पंख वाऱ्याशी ४ अंशांवर आहे, शेपूट १ अंशावर आहे, आणि यान समतोल चालले आहे. उचल साधारणपणे कोनाच्या प्रमाणात असते. आता वाऱ्याच्या झोताने नाक २ अंश वर झाले. पंखाचा कोन ४ चा ६ झाला, म्हणजे त्याची उचल दीडपट झाली. शेपटीचा कोन १ चा ३ झाला, म्हणजे तिची उचल तिप्पट झाली. शेपूट पंखापेक्षा अधिक प्रमाणात वर उचलली गेल्यामुळे नाक पुन्हा खाली येते. उलट नाक १ अंश खाली गेले, तर पंखाजवळ तीन-चतुर्थांश उचल उरते, शेपटीजवळ मात्र काहीच उरत नाही; शेपूट खाली बसते आणि नाक वर येते. कोणी हात न लावता यान स्वतःला सावरते. पंख व शेपूट एकाच कोनात असती, तर दोहोंची उचल सारख्याच प्रमाणात घटली किंवा वाढली असती, आणि यानाला पूर्वस्थितीवर आणणारे काहीच राहिले नसते. दोन-तीन अंशांच्या एवढ्याशा फरकावर यानाचे, आणि पुढे यानात बसणाऱ्या मनुष्याचे, जीवित अवलंबून असते.

याच तत्त्वावर सर जॉर्ज यांनी पुढे सुमारे ३०० चौरस फूट पंखांचे मोठे यान बांधले. माणसाशिवाय ते टेकडीच्या माथ्यावरून सोडले म्हणजे शेपटी जशी वळविली असेल त्याप्रमाणे, अवघ्या ८ अंशांच्या उताराने खालच्या मैदानात नेमक्या जागी उतरत असे. लहान प्रतिकृतीचा उतार १८ अंशांचा होता. म्हणजे एक फूट खाली येताना ती जेमतेम तीन फूट पुढे जाई. मोठे यान तेवढ्याच उतरंडीत सात फूट जाई. हा फरक त्यांच्या मोजमापांचे फळ होय. समोरून मंद वारा असताना कोणी मनुष्य हे यान धरून वेगाने धावला, तर ते त्याचे पाय जमिनीवर टेकू देत नसे आणि कधीकधी काही यार्ड त्याला उचलून नेत असे. दुर्दैवाने एका अपघातात ते मोडले.

१८०९ आणि १८१० या वर्षांत सर जॉर्ज यांनी आपले निष्कर्ष आकाशगमनावरील लेखाच्या तीन भागांत निकल्सन यांच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. त्यांच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म एकच होते. पृष्ठभागाला हवेतून पुरेशा शक्तीने रेटून त्याच्याकडून ठराविक वजन पेलवून घ्यावयाचे, एवढे साधले की झाले. दोन्ही पंखांची टोके किंचित वर उचलून ठेवली तर यान एका कुशीवर कलंडत नाही, हेही त्यांनी त्यात सांगितले. परंतु वाचणारे थोडे आणि हसणारे फार, अशी त्या काळाची स्थिती होती. उडण्याच्या गोष्टी करणारा म्हणजे विक्षिप्त, अशी सर्वसामान्य समजूत होती, आणि सर जॉर्ज यांनाही तिची पुरी जाणीव होती. या विषयाच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन व्हावे म्हणून त्यांनी एकाहून अधिक वेळा खटपट केली. ती निष्फळ ठरली. असे मंडळ लंडनमध्ये अखेर १८६६ साली निघाले, तेव्हा ते हयात नव्हते.

दुसरी अडचण याहून कठीण होती. त्या काळची वाफेची यंत्रे इतकी जड असत की, ती स्वतःचे वजनसुद्धा हवेत पेलू शकली नसती. हलके यंत्र हवे म्हणून सर जॉर्ज यांनी तापविलेल्या हवेवर चालणारे यंत्र योजिले आणि बंदुकीच्या दारूच्या स्फोटावर चालणाऱ्या यंत्राचेही प्रयोग केले. त्यांत त्यांना हवे तसे यश आले नाही. आपल्या हयातीत योग्य यंत्र होणार नाही हे दिसत असतानाही त्यांनी पंखाचे काम सोडले नाही. यंत्र येईल तेव्हा पंख तयार असला पाहिजे, अशीच जणू त्यांची धारणा होती.

उड्डाण हाच त्यांचा एकमेव व्यासंग होता असे मात्र नव्हे. यानाला हलकी चाके हवीत म्हणून १८०८ मध्ये त्यांनी लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या तारांचे चाक सुचविले. आपल्या सायकलीचे चाक त्याच तत्त्वावर असते. १८२५ मध्ये त्यांनी स्वतःचा मार्ग स्वतःच अंथरीत जाणाऱ्या पट्ट्यांच्या वाहनाचा पेटंट घेतला. १८३२ ते १८३५ या काळात ते स्कारबरोचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात होते. १८३८ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर सर्वसामान्य लोकांना विज्ञानाचे ज्ञान देणारी पॉलिटेक्निक संस्था उघडली गेली, तिच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. इस्टेटीवरील एका कुळाच्या मुलाचा हात तुटला, तेव्हा त्याच्यासाठी त्यांनी वस्तू पकडता येईल असा कृत्रिम हात स्वतः तयार केला. आमच्या मते त्यांच्या साऱ्या विद्वत्तेपेक्षा ही एक गोष्ट त्यांच्या स्वभावाविषयी अधिक सांगून जाते. ज्याला दुसऱ्याच्या तुटल्या हाताचे दुःख कळले, तो दुसऱ्याचा जीव आपल्या यानात सहजासहजी घालणार नव्हता.

आणि तसेच झाले. पहिल्या प्रतिकृतीनंतर तब्बल ४५ वर्षांनी, १८४९ मध्ये, एकावर एक तीन पंख असलेले त्यांचे यान माणूस नेण्याच्या सिद्धतेला आले. प्रथम त्यात वजन ठेवून तोल आणि शेपटीचा कोन पारखून घेतला गेला. मगच सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा त्यात बसविण्यात आला, आणि उतारावरून जाताना यानाने त्याला काही यार्ड जमिनीवरून उचलून नेले. त्या मुलाचे नाव इतिहासाने जपून ठेवले नाही. परंतु पंखांच्या यानातून जमीन सोडणाऱ्या पहिल्या काही मानवांत त्याची गणना होते.

पुढे १८५२ मध्ये सर जॉर्ज यांनी ताब्यात राहणाऱ्या, माणूस वाहून नेणाऱ्या यानाची रचना एका यंत्रविषयक नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केली. त्यात तोल राखणारी शेपूट आधी कोन ठरवून बांधावयाची होती, आणि चालकाच्या हाती दुसरे लहान सुकाणू द्यावयाचे होते. १८५३ साली, वयाच्या ८० व्या वर्षात, त्यांनी ब्रॉम्प्टनच्या दरीवर अशा यानातून आपल्या गाडीवानाला पाठविले. यान दरी ओलांडून पलीकडे उतरले. उतरणे जरा दणक्याचेच झाले. पण गाडीवान सुखरूप बाहेर आला. आल्याबरोबर त्याने नोकरीचा राजीनामा पुढे केला, कारण त्याला घोडे हाकण्यासाठी ठेवले होते, उडण्यासाठी नव्हे, अशी आठवण सांगतात. सर जॉर्ज यांच्या एका नातीने लहानपणी हे उड्डाण पाहिले होते आणि वृद्धपणी तिने ते कथन केले. २००३ साली, या घटनेला १५० वर्षे झाली तेव्हा, त्या यानाची प्रतिकृती त्याच ब्रॉम्प्टनच्या दरीत पुन्हा उडविण्यात आली.

वाचकांनी येथे क्षणभर विचार करावा. त्या गाडीवानाजवळ यंत्र नव्हते, हवाईछत्री नव्हती आणि उडण्याचे कसलेही शिक्षण नव्हते. त्याचा जीव सर्वस्वी दोन गोष्टींवर टांगलेला होता. एक म्हणजे पंखाचा कल, आणि दुसरी म्हणजे पंख व शेपूट यांच्या कोनांतील अंतर. ते दोन्ही कोन सर जॉर्ज यांनी पतंगाच्या कागदावर, फिरत्या भुजेवर आणि वजन घातलेल्या रिकाम्या यानावर सुमारे अर्धशतक पारखले होते. म्हणूनच ते साहस ठरले. आंधळा जुगार ठरला नाही.

१५ डिसेंबर १८५७ रोजी, ८४ वा वाढदिवस अवघ्या बारा दिवसांवर आला असता, ब्रॉम्प्टन येथे सर जॉर्ज यांचे देहावसान झाले. यंत्राने चालणारे विमान त्यांना पाहावयास मिळाले नाही. परंतु त्यांनी पेरलेले बी वाया गेले नाही. १८७१ च्या ऑगस्टमध्ये आल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात पिळलेल्या रबराने चालणारी एक लहान प्रतिकृती उडविली. तिची शेपूट पंखापेक्षा कमी कोनात बसविलेली होती, आणि ती सुमारे ४० मीटर अंतर ११ सेकंदांत स्वतःला सावरीत गेली. पेनोच्याच धर्तीचे रबराचे एक उडते खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका पित्याने आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राईट. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी यंत्राचे विमान उडविले, आणि पुढे विल्बर यांनी मोकळ्या मनाने मान्य केले की, सर जॉर्ज यांनी उड्डाणशास्त्र जेथवर नेऊन ठेवले तेथवर ते पूर्वी कधी पोचले नव्हते आणि त्यानंतरही एकोणिसाव्या शतकात क्वचितच पोचले. हाच ज्ञानप्रवाह पुढे आपल्यापर्यंत आला. महाराष्ट्राचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली वायुगतीचा अभ्यास केला. आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात गेले.

विद्यार्थिमित्रहो, चरित्र वाचून बाजूला ठेवण्यापेक्षा त्यातील एक गोष्ट करून पाहावी हे अधिक चांगले. पावसाळा सरला आणि शेते मोकळी झाली म्हणजे बांबूची एक सरळ, हलकी काडी घ्यावी. जाड कागदाचा ८ सेंटिमीटर रुंदीचा पंख तिच्यावर बसवावा आणि मागे लहान शेपूट काडीला समांतर चिकटवावी. कोन मोजण्यास कोनमापकच हवा असे नाही. साठास एक हे प्रमाण म्हणजे जवळजवळ १ अंश, एवढे ध्यानात ठेवावे. त्या हिशेबाने ८ सेंटिमीटर रुंद पंखाच्या पुढच्या कडेखाली ४ मिलिमीटरची चीप दिली की सुमारे ३ अंशांचा कोन होतो. सर जॉर्ज यांचे ६ अंश हवे असतील तर चीप ८ मिलिमीटरची लागेल. नाकावर ओल्या मातीचा गोळा लावून, पंखाच्या पुढच्या कडेपासून सुमारे एक-तृतीयांश अंतरावर बोटे टेकली असता यान समतोल राहील, असे करावे. मग वारा पडलेला असताना, गवतावर, नाक किंचित खाली ठेवून ते हलक्या हाताने सोडावे.

यान वर चढून थबकले आणि नाक टाकून आपटले, तर कोन अधिक झाला असे समजून चीप थोडी पातळ करावी. ते सरळ जमिनीत घुसले, तर कोन कमी पडला असे समजून चीप थोडी जाड करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अधिक नको. वजन आणि कोन दोन्ही एकदम बदलले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळत नाही. प्रत्येक खेपेस ते किती पावले गेले हे वहीत लिहावे. दहाव्या किंवा विसाव्या खेपेस ते यान संथपणे, एका रेषेत, कोणाच्याही मदतीवाचून गवतावर जाऊन टेकेल. ज्याच्या हातून हे घडेल, त्याला त्या कागदाच्या पंखावर सर जॉर्ज केली यांच्या साऱ्या आयुष्याचे सार कळेल. मोठी गोष्ट साधावयाची तर आधी ती लहान करून पाहावी, मोजावी, आणि मगच तिच्यावर मनुष्याचा भार ठेवावा.